बनवणारा एक, निस्तरणारा दुसरा

१ फेब्रुवारी २०१८ ही तारीख कापडाच्या व्यापाऱ्यांना वेगळी सांगावी लागत नाही. दिल्लीत अर्थसंकल्प मांडला जात होता आणि त्याच दिवसापासून पन्नास हजारांवरचा माल परराज्यातून आणायचा तर ई-वे बिल सक्तीचे झाले होते. पोर्टल त्याच दिवशी बसले, आणि सरकारला त्याच दिवशी सक्ती पुढे ढकलावी लागली. नंतर १ एप्रिलला ते पुन्हा लागू झाले, पण कर्नाटक सोडले तर फक्त परराज्यातील मालासाठी. राज्याच्या आतल्या मालाची पाळी १५ एप्रिलपासून थोडी थोडी राज्ये करून आली. गुजरात पहिल्या तुकडीत होते, महाराष्ट्राचा नंबर २५ मे रोजी लागला. या खेपेला यंत्रणा टिकली.

यात व्यापाऱ्याला नवल वाटू नये. नव्या डिझाइनचे पाचशे तागे कोणी शहाणा माणूस एकदम उचलत नाही. आधी दहा-वीस तागे येतात, गिऱ्हाइकाचा हात त्यावर फिरतो, रंग धुण्यात टिकतो की नाही ते कळते, मग पुढची ऑर्डर जाते. संगणकाच्या जगात या साध्या शहाणपणाला बरेच मोठे नाव पडले आहे. त्याला डेव्हऑप्स म्हणतात. आज मोठमोठ्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी ठेकेदार त्याच्या मागे लागले आहेत. हा विषय आमच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. ज्यांची गल्ल्यातली रक्कम, गाडीचे बिल आणि महिन्याचे रिटर्न या यंत्रणांवर चालते, त्यांनी ती चालवणाऱ्यांची व्यवस्था कशी आहे हे पाहायचे नाही तर कोणी पाहायचे?

मामला असा आहे. कंपनीत एक खाते सॉफ्टवेअर बनवते, दुसरे ते चालवते. बनवणाऱ्याला शाबासकी नव्या गोष्टीची मिळते, म्हणून त्याला रोज बदल हवा. चालवणाऱ्याला बोलणी बंद पडल्याची खावी लागतात, म्हणून त्याला बदलच नको. सहा महिन्यांचे काम एकदम चालवणाऱ्याच्या अंगावर टाकले जाते आणि रात्री दोन वाजता ते कोसळले की बनवणारा घरी झोपलेला असतो. २००९ साली अमेरिकेत फ्लिकर या फोटोंच्या कंपनीचे दोन प्रमुख, एक बनवणाऱ्यांचा आणि एक चालवणाऱ्यांचा, एकाच मंचावर उभे राहिले आणि आम्ही दिवसाला दहाहून अधिक वेळा बदल करतो असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी बेल्जियममधील गेंट शहरात पॅट्रिक डेबॉइस यांनी सभा भरवली आणि तिच्यामुळे हे नाव रूढ झाले.

पण मूळ याहून जुने आहे, आणि ते आपल्याच धंद्यातले आहे. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ साली असा माग पुरा केला की ताण्याचा एक धागा तुटला तरी तो आपोआप थांबत असे. एकच माणूस पुष्कळ माग पाहू लागला, कारण त्याला प्रत्येक मागावर डोळे लावून बसावे लागत नव्हते. या मागाचे हक्क १९२९ साली लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांना घेतले. टोयोडा घराण्यानेच १९३७ साली टोयोटा ही मोटार कंपनी उभी केली. तिथली कामाची पद्धत घडवणारे ताइची ओहनो हेही आधी सूत-कापडाच्या गिरणीतच होते. मोटारीच्या कारखान्यात त्यांनी मागाचाच कायदा लावला: दोष दिसला की तिथला साधा कामगारही दोरी ओढून सारी ओळ थांबवू शकतो. डेव्हऑप्सवाले आपली वंशावळ इथपर्यंत नेतात.

मालेगाव-भिवंडीचा माल घेणाऱ्याला याचे मोल समजते. मागावर तार तुटली आणि तिथेच सांधली तर खर्च शून्य. तीच चूक ग्रे कापडात राहिली, प्रोसेस हाऊसमध्ये रंगली, गाठीत बांधली गेली आणि आष्टी किंवा गेवराईच्या दुकानात बाईने पदर उलगडल्यावर दिसली, तर माल सेकंडमध्ये जातो, गाडीभाडे अंगावर पडते आणि गिऱ्हाइक तुटते ते वेगळेच. दोष जितका पुढे सरकतो तितका महाग होतो.

आता मोठ्या कंपन्या हे कसे आणतात ते पाहू. त्यांच्याकडे तीन तऱ्हा दिसतात. सर्वांत सोपी, आणि आमच्या मते सर्वांत निकामी, म्हणजे 'डेव्हऑप्स विभाग' अशी पाटी लावून तिसरे खाते उघडणे. भांडण दोघांत होते, त्यात तिसरा दलाल आला. दलाली वाढली, जिम्मेदारी कोणाचीच झाली नाही. दुसरी तऱ्हा ॲमेझॉनची. दोन पिझ्झांत पोट भरेल एवढीच तुकडी (आमच्या भाषेत एका दस्तरख्वानावर बसतील एवढी माणसे), आणि जी वस्तू तिने बनवली ती चालवायचीही तिनेच. तिसरी गूगलची, २००३ पासूनची. चालवण्यासाठी खास इंजिनिअर असतात, पण त्यांचा निम्म्याहून अधिक वेळ रोजच्या निस्तरण्यात जाऊ नये असा दंडक आहे. शिवाय प्रत्येक सेवेने किती बंद पडायचे याची हद्द आधी ठरते. ती हद्द संपली की नवे बदल बंद. हा तर आपला उधारीचा कायदा झाला! पार्टीची मर्यादा भरली की आधी मागची रक्कम, मग पुढचा माल. फरक एवढाच की मोठ्या पार्टीपुढे आपण हा कायदा गुंडाळून ठेवतो, आणि कंपन्याही मोठ्या साहेबाची घाई असली की तेच करतात.

आपल्या मुंबईचे उदाहरण घ्या. एचडीएफसी बँकेची सेवा वारंवार बंद पडल्यावर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये तिच्या नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डे रोखली. (व्याजाचा प्रश्न वेगळा, इथे बोलणे यंत्रणेचे आहे.) कार्डांवरील बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये आणि उरलेली मार्च २०२२ मध्ये उठली. गूगल जे आपणहून करते ते इथे बाहेरून सक्तीने झाले. मधल्या काळात बँकेने 'डिजिटल फॅक्टरी' आणि 'एंटरप्राइझ फॅक्टरी' अशा दोन फळ्या जाहीर केल्या, एक नव्या वस्तूंसाठी आणि एक जुन्या यंत्रणा बदलण्यासाठी. वाटणी समजण्यासारखी आहे. मात्र नवे बनवणाऱ्यांवर रात्रीच्या फोनची जबाबदारी किती, यावरच अशा वाटणीची खरी पारख होते. नाहीतर नावे नवी आणि खाती जुनीच.

हिंदुस्थानात अडचण आणखी एक आहे. यंत्रणा एकाची, बनवण्याचा ठेका दुसऱ्याचा, रात्रपाळी तिसऱ्याच्या कंत्राटी मुलांची. ठेका काम पोहोचवण्याचा असतो, नंतर ते चालण्याचा नसतो. अशा ठिकाणी कोणती हत्यारे विकत घेतली याने काय फरक पडणार?

त्या रात्रपाळीला आपल्या जिल्ह्यातली मुलेही असतात. बीड-अंबाजोगाईची मुले शिकून हिंजवडी आणि खराडीला जातात. बाप जमीन किंवा दागिना मोडून कोर्सची फी भरतो. जेनकिन्स, डॉकर, कुबरनेटीज यांचे प्रमाणपत्र येते आणि 'डेव्हऑप्स इंजिनिअर' ही नोकरी मिळते. हत्यारे शिकावीत, त्यात हरकत नाही. पण मुलाखतीत मुलाने दोन गोष्टी अदबीने विचाराव्यात: यंत्रणा पडली तर फोन कोणाला जातो, आणि ज्याला जातो त्याला बदल थांबवण्याचा अधिकार आहे काय? अधिकार नसेल तर ती चौकीदारी आहे, पगार कितीही असो.

दुसरी बाब दोष झाकण्याची. प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली, ही हदीस वाचकांना ठाऊक आहे. भिजलेला भाग वर ठेवावा, लोकांना दिसावा, अशी ती शिकवण. चांगल्या कंपन्यांत बिघाडानंतर काय तुटले, का तुटले, याचा लेखी हिसाब मांडतात आणि त्यात माणसाला फाशी देत नाहीत, कारण नोकरी जाण्याच्या भीतीने कोणी खरे बोलत नाही. आपल्याकडे 'तांत्रिक अडचण' या दोन शब्दांत विषय मिटतो. २६ मार्च २०२५ च्या संध्याकाळी देशभर यूपीआय अडखळले, तेव्हा रमजानचा शेवटचा अशरा चालू होता आणि कपडा बाजारात ईदची खरेदी होती. त्याही वेळी सांगण्यात आले ते जवळपास एवढेच.

तरीही यूपीआय चालवणारी एनपीसीआय एक काम चांगले करते. कोणत्या बँकेचे किती टक्के व्यवहार तांत्रिक कारणाने फसले, याचा तक्ता ती दर महिन्याला बँकवार छापते. ई-वे बिल आणि जीएसटीच्या पोर्टलचाही असाच महिन्याचा तक्ता दुकानदाराला समजेल अशा मराठीत आला पाहिजे: किती तास बंद, कोणत्या तारखेला, कशामुळे. रिटर्न उशिरा भरले तर आपल्याकडून दिवसाच्या हिशोबाने लेट फी घेतली जाते. जिल्ह्यातील व्यापारी संघटनांनी पुढच्या निवेदनात दर कमी करण्याच्या नेहमीच्या मागणीच्या वर ही मागणी लिहावी, आणि पोर्टल बंद असलेल्या दिवसांची लेट फी आपोआप माफ व्हावी, हेही त्यात घालावे.