हस्तांदोलन नाकारण्याचा अर्थ

आशिया चषक क्रिकेट स्पर्धेतील पाकिस्तानविरुद्धचा सामना भारताने १४ सप्टेंबर २०२५ रोजी दुबईत सात गडी राखून जिंकला. विजयी षटकार मारणारा कर्णधार सूर्यकुमार यादव आणि समोरच्या टोकाला असलेला शिवम दुबे, दोघेही मुंबईचे खेळाडू, एकमेकांचे अभिनंदन करून तडक तंबूत परतले. प्रतिपक्षाशी हात मिळवण्यासाठी कोणीही थांबले नाही. नाणेफेकीच्या वेळीही कर्णधारांनी हात मिळवले नव्हते. बरोबर एक महिन्याने, १४ ऑक्टोबरला, मलेशियात जोहोर चषक हॉकी स्पर्धेत याच दोन देशांचे कुमार संघ समोरासमोर आले, तेव्हा मुलांनी सामन्यापूर्वी एकमेकांच्या तळहातावर टाळ्या दिल्या. मग ते जिद्दीने खेळले, ३-३ अशी बरोबरी झाली आणि पुन्हा हात मिळवून ती मुले मैदानाबाहेर गेली.

या दोन प्रसंगांपैकी एक देशभक्तीचा आणि दुसरा भाबडेपणाचा, किंवा एक असभ्यतेचा आणि दुसरा संस्कृतीचा, असा निवाडा लगोलग देणारे दोन्ही बाजूंस पुष्कळ निघाले. प्रश्न इतका सोपा नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ जणांना ठार मारले. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते आणि त्यांपैकी तिघे डोंबिवलीचे. नोव्हेंबर २००८ मध्ये ज्या स्थानकात गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच स्थानकातून या शहरातील लक्षावधी नोकरदार रोज ये-जा करतात. तेव्हा मुंबईकराच्या मनातील संताप कोणी पढवलेला आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. विजय सैन्यदलांना अर्पण करण्याच्या सूर्यकुमारच्या भावनेविषयीही शंका घेण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो हस्तांदोलनाचा अर्थ कोणता, हा. कॅनडात बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीत खेळाडू भर सामन्यात एकमेकांना ठोसे लगावतात. परंतु बाद फेरीची मालिका संपली की दोन्ही संघ समोरासमोर रांगा करतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी हात मिळवून पुढे सरकतो. त्या रांगेत प्रेमाचा लवलेशही नसेल. तू नियमांनी बांधला गेला होतास, मीही होतो, आणि लागलेला निकाल आपणां दोघांना मान्य आहे, एवढाच त्या स्पर्शाचा आशय. क्रिकेटच्या नियमांच्या प्रास्ताविकातही, निकाल कोणताही लागो, सामना संपल्यावर पंचांचे व प्रतिपक्षाचे आभार मानावेत असे म्हटले आहे. त्यात परराष्ट्र धोरणाचा संबंध कोठेच येत नाही.

हात मिळवणे ही मुळात विलायती रीत, आपला नमस्कार पुरे, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. नमस्काराने काम भागत असेल तर तक्रार नाही. दुबईत तोही झाला नाही. शिवाय स्पर्शाचा प्रश्न आपल्याकडे विलायतेहून कितीतरी अधिक खोल गेलेला आहे. चर्मकार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू यांनी टाकलेला चेंडू पुण्याच्या हिंदू क्लबातील सवर्ण खेळाडूंना चालत असे, पण चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून मिळत असे. मुंबईत हिंदू जिमखान्याचे खेळाडू त्यांच्याबरोबर खानपान करू लागले, ही त्या काळी छापून येण्याजोगी बातमी ठरली. १९०६ च्या फेब्रुवारीत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. पुढे १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, पण त्यासाठी मधली सतरा वर्षे जावी लागली. ज्या शहराच्या मैदानांवर माणसाने माणसाचा हात हाती घेणे इतक्या कष्टाने रुजले, तेथे हात आखडता घेण्याचे कौतुक करण्यापूर्वी थोडे थबकायला हवे.

चर्चगेटजवळचे हॉकीचे मैदान आणि वानखेडे स्टेडियम ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून अंतिम सामना ०-१ असा गमावल्यावर पाकिस्तानी हॉकीपटूंनी पदकप्रदान समारंभाची विटंबना केली आणि त्यांतील अकरा जणांवर बंदी आली. ही बंदी पुढे उठली. दहा वर्षांनी, १२ जानेवारी १९८२ रोजी, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हेच दोन देश चर्चगेटच्या या मैदानावर उतरले आणि पाकिस्तानने ३-१ असा विजय मिळवला. त्याचा कर्णधार अख्तर रसूल म्युनिकच्या संघातही होता. १९७१ च्या युद्धाला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. तरीही पाकिस्तानचा संघ मुंबईत आला, खेळला आणि चषक घेऊन गेला.

शेजारच्या वानखेडेवर त्याआधी दोनच वर्षे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. कपिल देवच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षक बॉब टेलर झेलबाद असल्याचा निर्णय पंच हनुमंत राव यांनी दिला. चेंडू बॅटला लागलेला नाही, हे ओळखून कर्णधार विश्वनाथने पंचांना विनंती केली आणि टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली व भारत दहा गड्यांनी हरला. मैदानावरील सौजन्याची किंमत अशी रोख मोजावी लागते. हस्तांदोलनाला तर तेवढीही लागत नाही.

खेळायचेच नाही, ही भूमिका समजण्याजोगी आहे. १९९१ मध्ये वानखेडेची खेळपट्टी उखडणाऱ्यांच्या पद्धतीचे समर्थन करता येणार नाही, पण शासनाने उघडपणे बहिष्कार जाहीर केला तर त्याला स्वतःची प्रतिष्ठा असते आणि त्याची झीजही सोसावी लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने ठरवले ते वेगळे: पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, पण बहुराष्ट्रीय स्पर्धांत खेळण्यास हरकत नाही. धोरण म्हणून हे ठीक असेल. मग सामना खेळावा, प्रक्षेपणाचे उत्पन्न घ्यावे, गुण पदरात पाडून घ्यावेत आणि बहिष्कार मात्र शेवटच्या अर्ध्या मिनिटापुरता पाळावा, यात त्याग कोणता? युक्रेनच्या खेळाडूंचे उदाहरण येथे दिले जाते. त्यांपैकी ओल्गा खारलान या तलवारपटूने २०२३ मध्ये मिलान येथे रशियन प्रतिस्पर्ध्याचा हात नाकारला, तेव्हा हस्तांदोलन नियमानेच बंधनकारक होते आणि तिला स्पर्धेतून बाद व्हावे लागले. नियम बदलला तो त्यानंतर. तिने आपल्या निषेधाचे मोल दिले होते. दुबईतील निषेध विजेत्यांना फुकट पडला.

या वादाची झळ लागेल ती परळ-लालबागच्या कबड्डीच्या मैदानांना आणि शिवाजी पार्क व आझाद मैदानावरील शालेय सामन्यांना. तेथे रांगा लावून मुलांना हात मिळवायला लावणे हे क्रीडाशिक्षकाचे काम. पंचाच्या निर्णयावर चिडलेला, कोपर सोललेला चौदा वर्षांचा मुलगा उद्या त्या रांगेतून बाजूला झाला आणि त्याने भारतीय कर्णधाराचा दाखला दिला, तर शिक्षकाने त्याला काय सांगावे? पहलगामचा संदर्भ त्या मुलाला लागू नाही हे खरे. पण मुले संदर्भ उचलत नाहीत, कृती उचलतात. म्हणून पाकिस्तानविरुद्धचा पुढचा सामना ठरेल तेव्हा क्रिकेट मंडळाने आणि सरकारने आपला निर्णय तिकीटविक्रीपूर्वी जाहीर करावा: खेळायचे की नाही. खेळायचे ठरले तर हात मिळवण्याचा प्रश्न खेळाडूंच्या गळ्यात अडकवू नये.