बिडाचा तवा उपयोगी, पण औषध नव्हे

थंडी सुरू झाली की चंद्रपूर, नागपूर, वर्ध्याकडची मंडळी जंगलाच्या वाटेला लागतात. भद्रावती तालुक्यातील मोहर्ली हे ताडोबाचे जुने प्रवेशद्वार. त्या परिसरातील बफर क्षेत्रात शेतावर किंवा तंबूत मुक्काम करून स्वतःच्या हाताने रांधून खाण्याची हौस आता वाढली आहे. त्यासाठी छोटा बिडाचा तवा किंवा कढई घेण्याकडेही कल दिसतो. ‘जंगलात चालतो आणि रक्तही वाढवतो’ अशी त्याची दुहेरी ख्याती. यातील पहिला भाग खरा आहे. दुसरा अर्धाच खरा आहे, आणि या दोन जिल्ह्यांत उरलेला अर्धा नीट समजून घेणे आवश्यक आहे.

आधी भांड्याविषयी. बीड म्हणजे दोन ते चार टक्के कार्बन असलेले ओतीव लोखंड. ते हळू तापते, पण तापल्यावर उष्णता बराच वेळ धरून ठेवते. तीन दगडांच्या चुलीवर जाळ कमी-जास्त होतो, तेव्हा हा गुण कामी येतो. पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात मध्ये करपते आणि कडेला कच्चे राहते, तसे यात होत नाही. नॉनस्टिक तवा तर लाकडाच्या जाळावर ठेवूच नये. त्याचा लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे विघटित होऊन घातक वाफा सोडू लागतो, आणि उघड्या जाळावर रिकामे भांडे ती मर्यादा सहज ओलांडते.

बिडाचे वैगुण्य म्हणजे वजन. २० सेंटिमीटर व्यासाचा तवाच दीड किलोच्या आसपास भरतो. पाठीवर ओझे घेऊन चालायचे असेल, तर तो घरीच ठेवावा. गाडी मुक्कामापर्यंत जात असेल, तर दोघा-चौघांसाठी एक खोलगट कढई आणि तिच्यावर झाकण म्हणून बसेल असा तवा एवढा जोड पुरतो. विदर्भातील रोडगे निखाऱ्यातच भाजले जातात, त्यांना भांडे लागत नाही. सोबतच्या वांग्याच्या भाजीपुरती कढई झाली की जेवण झाले.

विकत घेताना भांडे बोटाने वाजवून पाहावे. आवाज खणखणीत हवा. बद्द आवाज आला तर तडा असण्याची शंका घ्यावी. मूठ भांड्यासोबतच ओतलेली असावी. लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ जाळावर टिकत नाही. तळ सपाट असावा आणि वर काळा रंग दिलेला नसावा. नवे भांडे गरम पाण्याने घासून, चुलीवर पूर्ण कोरडे करून त्याला तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि धूर निघेपर्यंत तापवावे. असे तीन-चार वेळा केले की तेलाचा कठीण थर बसतो आणि पदार्थ चिकटत नाही. विदर्भात घरोघरी चटणीसाठी असलेल्या जवसाचे तेल यासाठी चांगले, कारण ते लवकर घट्ट होते. मात्र थर जाड दिला तर त्याचे पोपडे निघतात.

वापरताना भडकत्या जाळाऐवजी निखाऱ्यांवर रांधावे. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये आणि तो दगडावर पडू देऊ नये. बीड कठीण असते तसेच ठिसूळही असते, ते तडकते. धुतल्यावर चुलीवर सुकवून तेलाचा हात फिरवावा. गंज आला तर घासून काढावा, भांडे टाकून देण्याचे कारण नाही. रात्री तेलकट भांडे तंबूबाहेर ठेवू नये. वासाने रानडुक्कर, अस्वल किंवा माकडे येतात. राखीव जंगलात आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणी नेमून दिलेल्या चुलीवरच स्वयंपाक करावा आणि निघताना निखारे पाणी ओतून विझवावेत.

आता रक्ताविषयी. लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरते, हे सिद्ध झालेले आहे. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० ग्रॅम सफरचंदाच्या गरातील लोह अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी होते, ते बिडाच्या भांड्यात शिजवल्यावर सात मिलिग्रॅमच्या पुढे गेले. पदार्थ जितका आंबट, ओला आणि जास्त वेळ शिजणारा, तितके लोह अधिक उतरते. अंबाडीची भाजी किंवा टोमॅटोचा रस्सा यांत ते भरपूर उतरेल, कोरड्या भाकरीत फारसे नाही. तेलाचा थर पक्का बसलेले जुने भांडे लोह कमी सोडते, हेही लक्षात ठेवावे. आंबट पदार्थ शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा, नाहीतर चव धातूसारखी लागते. जेवणासोबत लिंबू घेतल्यास लोह अधिक शोषले जाते, लगेच चहा घेतल्यास कमी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज काढले जाते त्या राज्यातील ही अवस्था. अशा वेळी घरातली लोखंडी कढई नक्कीच हातभार लावते. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली आलेल्या इथिओपियातील अभ्यासात, लोखंडी भांड्यातले अन्न वर्षभर खाणाऱ्या लहान मुलांचे हिमोग्लोबिन सरासरी १.७ ग्रॅमने वाढले. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यातले खाणाऱ्यांचे केवळ ०.४ ग्रॅमने.

पण कंबोडियात चित्र वेगळे दिसले. तेथील ग्रामीण स्त्रियांना स्वयंपाकात उकळण्यासाठी लोखंडी माशाचा तुकडा दिला गेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने हिमोग्लोबिन वाढले नाही. तेथे लोहाची कमतरता थोड्यांनाच होती आणि हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष बरेच होते. चंद्रपूर आणि गडचिरोलीने हा धडा घ्यायला हवा, कारण येथे सिकलसेल आहे. सिकलसेलच्या रुग्णात रक्तपेशीच लवकर फुटतात. तो रक्तक्षय तव्याने भरून निघत नाही. ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या शरीरात उलट लोह साठते. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. त्यापुढे तव्यातले लोह थोडेच. खरा धोका आहे तो ‘रक्त कमी आहे’ म्हणून स्वतःच्या मनाने सुरू केलेल्या लोहाच्या गोळ्यांचा. सिकलसेलचा केवळ वाहक असलेल्या व्यक्तीला मात्र इतरांप्रमाणेच लोहाची कमतरता असू शकते. दोन्ही बाबी तपासणीशिवाय कळत नाहीत.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. ती गावागावांत पोहोचायची असेल, तर सततचा थकवा, धाप, सांधेदुखी यांना ‘अशक्तपणा’ म्हणून झटकण्याची सवय मोडायला हवी. घरात लोखंडी कढई जरूर असावी, जंगलात जाताना ती गाडीत जरूर घ्यावी. पण हिमोग्लोबिन कमी निघाले, तर ते का कमी आहे हे आधी आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. त्या प्रश्नाचे उत्तर तपासणीच देऊ शकते, कढई नव्हे.