जाहिरातीतला प्रयोग

समजा, तुमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले आहे. एका विद्यार्थ्याने टेबलावर काचकागद ठेवला आहे. सुतार लाकूड घासायला वापरतात तोच खरखरीत काचकागद, ज्याला कोणी पॉलिश पेपर म्हणतात. विद्यार्थी सांगतो, "मी तयार केलेला हा साबणाचा फेस इतका गुणकारी आहे की काचकागदसुद्धा मऊ पडतो." तो फेस लावतो, वस्तरा फिरवतो आणि एका फटक्यात कागदावरची सगळी वाळू निघून जाते. बघणारे टाळ्या वाजवतात.

परीक्षक मात्र जवळ जाऊन निरखून पाहतात. तो काचकागद नसतोच! पारदर्शक प्लॅस्टिकच्या तक्त्यावर नुसती वाळू पसरलेली असते. विद्यार्थी म्हणतो, "सर, खरा काचकागदही माझ्या फेसाने मऊ पडतो, पण वेळ लागतो. शिवाय लांबून तो साध्या कागदासारखा दिसतो. म्हणून लोकांना नीट दिसावे यासाठी मी ही युक्ती केली."

मित्रांनो, तुम्ही परीक्षक असता तर या विद्यार्थ्याला बक्षीस दिले असते काय?

ही गोष्ट मी रचली असली तरी तिच्यातला प्रयोग खरा आहे. तो शाळेत नव्हे, तर १९५९ साली अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर झाला होता. कोलगेट-पामोलिव्ह कंपनीच्या 'रॅपिड शेव्ह' या दाढीच्या फेसाची ती जाहिरात होती. फेस लावताच काचकागदाची 'दाढी' झालेली लोकांनी पाहिली. प्रत्यक्षात पडद्यावर होता तो वाळू टाकलेला प्लॅस्टिकचा तक्ता. खरा काचकागद तसा मऊ पडायला सुमारे ८० मिनिटे भिजवावा लागतो, असे तेथील व्यापार आयोगाच्या चौकशीत आढळले. वाद वरिष्ठ न्यायालयांत गेला आणि १९६५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या बाजूने निकाल दिला.

या खटल्यात एक मोठा गमतीचा मुद्दा निघाला. चित्रीकरणाच्या प्रखर दिव्यांखाली आइसक्रीम वितळून जाते, म्हणून त्या जागी उकडून कुस्करलेले बटाटे ठेवतात. मग ती सुद्धा फसवणूक म्हणायची काय? नाही. एखाद्या प्रसंगात कोणी आइसक्रीम खाताना दाखवायचे असेल आणि बशीत बटाटा असेल, तर ते नाटकातले सामान झाले. पण 'पाहा, आमच्या आइसक्रीमचा रंग आणि पोत किती छान' असे म्हणून बटाटा दाखवला, तर ती फसवणूक. कारण तेथे ती वस्तू पुरावा म्हणून पुढे केलेली असते. 'तुमच्या डोळ्यांनी पाहा' असे सांगायचे आणि डोळ्यांपुढे दुसरेच ठेवायचे, हे चालणार नाही. दावा खरा असला तरीही चालणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

मला वाटते, जाहिरातींकडे पाहण्याची सारी किल्ली या निकालात आहे. जाहिरातीने नाटक जरूर करावे. गाणे म्हणावे, हसवावे, वाघाला बोलायला लावावे. 'बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे सोनेही खपत नाही' अशी म्हणच आहे. तेव्हा आपल्या मालाबद्दल बोलण्याचा विक्रेत्याला हक्क आहे. परंतु ज्या क्षणी जाहिरात पांढरा कोट घालते, परीक्षानळी हातात घेते आणि 'शास्त्रीय प्रयोगाने सिद्ध' असे म्हणते, त्या क्षणी तिने प्रयोगाचे नियमही पाळले पाहिजेत. शास्त्राचा कोट हवा आणि शास्त्राची शिस्त मात्र नको, हे प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे.

प्रयोगाचे नियम कोणते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात आपण एकच रोप घेत नाही. एक उजेडात ठेवतो, दुसरे अंधारात; बाकी सर्व परिस्थिती सारखी ठेवतो. तुलनेसाठी ठेवलेले ते दुसरे रोप नसेल, तर पहिल्या रोपावरून काढलेल्या निष्कर्षाला किंमत नाही. जाहिरातीतल्या प्रयोगात नेमके हे दुसरे रोप गायब असते.

लिस्टरीन या गुळण्यांच्या औषधाची हकीकत पाहा. हे औषध १८७९ पासून बाजारात आहे. शस्त्रक्रियेत जंतुनाशके वापरण्याची पद्धत रूढ करणारे जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून त्याचे नाव ठेवले गेले. म्हणजे नावापासूनच शास्त्राचा आधार! त्याच्या गुळण्या केल्याने सर्दी आणि घसादुखी टळते, असे जाहिरातींतून अनेक दशके सांगितले जात होते. आता, सर्दी होते ती विषाणूंमुळे आणि हे विषाणू मुख्यतः नाकावाटे व डोळ्यांवाटे शरीरात शिरतात. गुळणीचे पाणी तेथवर पोहोचत नाही.

कंपनीने पुराव्यादाखल शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग पुढे केला. काही मुलांनी लिस्टरीनच्या गुळण्या केल्या, काहींनी केल्या नाहीत आणि सर्दीचे मोजमाप केले गेले. वरवर पाहता येथे दुसरे रोप होते. पण कोणत्या मुलाने औषध घेतले आहे हे गुप्त राखण्याची व्यवस्था पक्की नव्हती. 'याने औषध घेतले आहे' हे ठाऊक असले की तपासणाऱ्याला त्याची सर्दी सौम्य भासू शकते आणि मुलालाही बरे वाटू शकते. यात कोणी मुद्दाम खोटे बोलत नाही. मनुष्याचे मनच असे आहे. म्हणूनच औषधांच्या चांगल्या चाचण्यांत कोणाला खरे औषध दिले आणि कोणाला तसेच दिसणारे निरुपद्रवी द्रव्य दिले, हे रोगी आणि डॉक्टर या दोघांपासूनही लपवून ठेवतात.

व्यापार आयोगाने हा पुरावा मानला नाही. १९७५ साली त्याने एक वेगळीच आज्ञा केली. नुसती जाहिरात थांबवून भागणार नाही, कारण इतक्या वर्षांत लोकांच्या मनात जो समज रुजला आहे तो आपोआप जाणार नाही. म्हणून कंपनीने पुढच्या सुमारे १ कोटी डॉलरच्या जाहिरातींत स्वतःच सांगावे, की या औषधाने सर्दी वा घसादुखी टळत नाही आणि तिचा जोरही कमी होत नाही. १९७७ साली न्यायालयाने ही आज्ञा कायम केली. डोक्यात घातलेली गोष्ट काढायलाही खर्च येतो, हे त्या निकालाने दाखवून दिले.

कधी कधी जाहिरातीतला शब्द न् शब्द खरा असतो आणि तरीही ठसा खोटा उमटतो. 'हा साबण जंतू मारतो', हे वाक्य घ्या. असेल खरे. पण साध्या साबणाच्या तुलनेत काय? हा प्रश्न अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उत्पादकांना विचारला. घरगुती वापराच्या जंतुनाशक साबणांतील ट्रायक्लोसानसह १९ द्रव्ये साधा साबण आणि पाणी यांच्यापेक्षा अधिक उपयोगी आहेत, हे उत्पादक दाखवू शकले नाहीत. २०१६ साली त्या द्रव्यांचे असे साबण विकण्यास मनाई करण्यात आली. एवढा साधा प्रश्न, पण तो विचारला जाईपर्यंत किती घरांनी त्या साबणांसाठी पैसे मोजले असतील!

आता आपल्या घरात येऊ. दुधात घालायच्या पौष्टिक भुकट्यांचे डबे आपल्या चांगलेच परिचयाचे आहेत. मुले अधिक उंच, बळकट आणि तल्लख होतात, असा दावा करणारी हॉर्लिक्सची एक जाहिरात २००८ साली ब्रिटनमध्ये एका वाहिनीवर दाखवली गेली. दाव्याला पुरेसा पुरावा नाही म्हणून तेथील जाहिरात नियामक संस्थेने तिला हरकत घेतली. आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवले, की असली पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली दाखवू नका. कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. तोवर हा शब्द सर्रास वापरला जात होता आणि आयाबापांना तो सरकारी शिक्क्यासारखा वाटत होता.

येथेही दुसरे रोप शोधू. जाहिरातीतला मुलगा भुकटी दुधातून पितो. मग तो उंच झाला तो भुकटीने की दुधाने? थोडे गणित करून पाहा. समजा, डब्यावर लिहिले आहे की १०० ग्रॅम भुकटीत ७ ग्रॅम प्रथिने आणि ३५ ग्रॅम साखर आहे. दोन मोठे चमचे म्हणजे २० ग्रॅम भुकटी घेतली, तर त्यातून १.४ ग्रॅम प्रथिने मिळतील आणि ७ ग्रॅम साखर पोटात जाईल. ज्या २०० मिलिलिटर दुधात ती मिसळली, त्यात मात्र सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आधीच आहेत. मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांतूनही जवळजवळ तेवढीच मिळतात. तुमच्या घरच्या डब्यावरचे आकडे वेगळे असतील; ते घेऊन हेच गणित करा. काही भुकट्यांत जीवनसत्त्वे व लोह घातलेले असते, तेही हिशेबात धरा. निष्कर्ष तुमचा तुम्ही काढा.

हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. ज्या घरात महिन्याचा पैसा मोजून खर्च करावा लागतो, तेथील आईसुद्धा 'माझे मूल मागे पडू नये' या काळजीने तो डबा विकत घेते. कदाचित त्यासाठी दूध, अंडी किंवा डाळ यांत काटकसर करते. जाहिरातीने तिला भुकटी विकलेली नसते. तिच्या मायेला भीती घालून ती भीती विकलेली असते. मला सर्वांत जास्त राग याचा येतो.

काहीजण म्हणतात, "जाहिरात म्हटली की अतिशयोक्ती आलीच. लोक काही दूधखुळे नाहीत." या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. एखादे तेल लावल्याने केस रात्रीसारखे काळे होतात असे कोणी म्हटले, तर कोणी मोजायला बसत नाही. परंतु '९९.९ टक्के' असे म्हटले की ती अतिशयोक्ती राहत नाही, ते मोजमाप होते. आकड्यावर माणूस विश्वास ठेवतो, कारण शाळेत आपण त्याला तसे शिकवले आहे. या विश्वासावर डल्ला मारला जातो, तेव्हा नुकसान केवळ गिऱ्हाइकाचे होत नाही. उद्या डॉक्टर लशीबद्दल खरे आकडे सांगतील, तेव्हा 'हे सगळे असेच असते' म्हणून लोक तेही झटकून टाकतील. खोटी नाणी बाजारात वाढली की खऱ्या नाण्याकडेही संशयाने पाहिले जाते.

आपल्याकडे कायदे आहेत. मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुरेशा शास्त्रीय पुराव्याशिवाय एखाद्या वस्तूने मुलांची बुद्धी वा शक्ती वाढते असे सांगू नये, असे २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे बजावतात. हे सर्व आवश्यकच आहे. पण कायदा पायी चालतो आणि जाहिरात वाऱ्यावर धावते. काचकागदाचा निकाल लागायला सहा वर्षे लागली. लिस्टरीनच्या बाबतीत तर कित्येक पिढ्या गुळण्या करून गेल्या. तोवर गिऱ्हाइकाचे रक्षण कोणी करायचे? ते त्याच्या स्वतःच्या प्रश्नानेच होईल.

म्हणून माझी शिक्षकांना एक सूचना आहे. महिन्यातून एक तास जाहिरातीला द्यावा. विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्रातली किंवा पडद्यावरची एक जाहिरात आणावी आणि तिला तीन प्रश्न विचारावेत. कशाच्या तुलनेत? किती जणांवर आणि किती दिवस? कोणी मोजले, आणि आपल्याला पुन्हा मोजता येईल काय?

जमेल तेथे प्रयोगही करावा. जुन्या पांढऱ्या चादरीचे तीन सारखे तुकडे घ्या. प्रत्येकावर चहाचे सारखेच डाग पाडून वाळवा. एक महागड्या पावडरीत, दुसरा स्वस्त पावडरीत आणि तिसरा नुसत्या पाण्यात तितकाच वेळ भिजवा व तितकाच चोळा. तुकड्यांना क्रमांक द्या आणि कोणता क्रमांक कशाचा हे ठाऊक नसलेल्या वर्गमित्राला स्वच्छतेप्रमाणे लावायला सांगा. महागडी पावडर जिंकली, तर तसे प्रामाणिकपणे वहीत लिहा. हरली, तर तेही लिहा. एका प्रयोगावर विसंबू नका. दोन-तीन वेळा करून पाहा.

आपल्याला नको असलेले उत्तर आले तरी ते वहीत लिहायचे, यालाच शास्त्र म्हणतात. जाहिरातीच्या वहीत फक्त हवी तीच उत्तरे असतात. पुढच्या वेळी पडद्यावर पांढरा कोट घातलेला गृहस्थ हसतमुखाने परीक्षानळी पुढे करील, तेव्हा त्याचे जरूर ऐका. फक्त मनात त्याला विचारा, "काका, दुसरे रोप कुठे आहे?"