चिंधीचा भाव



गेले काही महिने मी काम करते त्या वस्तीतल्या बचत गटात जुन्या कपड्यांपासून बटवे, केसांची रबरं, काठांच्या माळा, कापडी कानातली करायचं काम जोरात चालू आहे. शिकायला फार अवघड नाही. सुती साडी मधोमध विरते, पण काठ आणि पदर बहुतेक वेळा शाबूत असतात. काठाची पट्टी सुतळीवर गुंडाळून टाके घातले की गळ्यातलं तयार. जुन्या बनियनचं कापड बोटभर रुंद कापून ओढलं की कडा आपोआप आत वळतात, शिवणसुद्धा लागत नाही. जीन्सचा पाय पिशवीच्या पट्ट्याला उपयोगी.

यात नवीन काय, असं माझ्या आजीने विचारलं असतं. गोधडी, वाकळ, बाळाची दुपटी; बायकांनी कापड कधी वाया घालवलंच नाही. आता शहरात त्याला फॅशन म्हणतात आणि प्रदर्शनात 'पुनर्वापर' अशी चिठ्ठी लावून विकतात. लोक विकत घेतात हे चांगलंच आहे. माझी तक्रार हिशेबाबद्दल आहे.

आमच्या गटाला एका दुकानदाराने बटव्यामागे 20 रुपये दिले. आम्ही घड्याळ लावून बसलो. कापड धुणं, इस्त्री, बेतणं, अस्तर, शिलाई, नाडी ओवणं, असा दीड तास गेला. अस्तर, दोरा, नाडी यांचे 6 रुपये. उरले 14. म्हणजे तासाला 10 रुपयेसुद्धा नाहीत. वर मशीन तिचं, वीज तिची आणि नापास झालेला मालही तिचाच. "कापड तर फुकटचंच आहे," असं दुकानदार म्हणतो. ते फुकटचं नाही. भांड्यांवर जुने कपडे घेत दारोदार फिरणाऱ्या बोहारणीकडून गटाने ते विकत घेतलंय, आणि त्या गाठोड्यात तिचीही पायपीट आहे.

मला जास्त टोचलं ते बायकांचं बोलणं. "घरीच तर बसलेली असते, तेवढाच हातभार." समाजकार्याची पदवी घेताना श्रमाच्या अदृश्यतेवर पानंच्या पानं लिहिली होती, इथे ती अदृश्यता मशीनवर बसून स्वतःच बोलत होती.

अहमदाबादच्या दर्यापूर भागातल्या चिंधी शिवणाऱ्या बायकांची लढाई आठवते. गिरण्यांच्या चिंध्यांच्या खोळी त्या व्यापाऱ्यांसाठी नगावर शिवत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'सेवा' संघटनेच्या मदतीने त्यांनी भाव वाढवून मागितला, तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणंच थांबवलं. मग बायकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, 'सबीना'. पुढे 1996 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी 177 क्रमांकाचा करार केला. त्यामागे अशा संघटनांचा रेटा होता. भारताने तो अजून मान्य केलेला नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरबसल्या काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली, पण बटव्याचा भाव अजून दुकानदारच ठरवतो.

आता गटातल्या प्रत्येकीकडे एक वही आहे. किती वाजता बसले, किती वाजता उठले, मध्ये पाणी भरायला किती वेळ गेला, सगळं त्यात लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिची मुलगी लिहिते. तासाला 25 रुपये धरून आम्ही पुढच्या मालाला 45 रुपये सांगितले. (तेही थोडेच आहेत, हे ठाऊक आहे.) दुकानदाराचा होकार आलेला नाही. दरम्यान दोघीजणींनी जुन्याच भावात काम उचललं, कारण शाळेची फी भरायची होती. त्यांना गटाने काय म्हणावं, यावर परवाच्या बैठकीत बराच वाद झाला आणि निर्णय झालाच नाही.

तुमच्या गटात असा पेच आला असेल तर काय केलंत, ते जरूर कळवा. तुमच्याकडचे नगाचे भाव आणि लागणारा वेळ, दोन्ही लिहा. पुढच्या अंकात ते एकत्र छापायचा विचार आहे.