गाव म्हणजे एक्सेलची ओळ नव्हे

"लोकेशन मास्टर ना? एक एक्सेल अपलोड करायची आणि मोकळं व्हायचं!"

मंडळी, दवाखान्यांची सॉफ्टवेअर्स बनवणाऱ्या कुठल्याही टीममध्ये जा, हे वाक्य ऐकायला मिळेलच. प्लॅनमध्ये या कामाला अर्धा दिवस. तोही टीममधल्या सगळ्यात नव्या पोराच्या गळ्यात. माझं म्हणणं सरळ आहे: ही हमाली नाही. ज्याला ती हमाली वाटते, त्याने रुग्णांच्या नोंदींना हात लावू नये.

का ते सांगतो. मी जामनेरचा. आमच्या तालुक्यात पहूर पेठ आहे आणि पहूर कसबेही आहे. नेरी बुद्रुक आहे, नेरी दिगर आहे. पळासखेडे तर विचारूच नका... बुद्रुक वेगळं, काकर वेगळं, मिराचे वेगळं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हा फरक कळतो. हिंजवडीत बसलेल्या इंजिनियरला मात्र ही सगळी 'डुप्लिकेट' दिसतात, आणि एक्सेलमध्ये डुप्लिकेट उडवायचं बटण हाताशीच असतं! त्यात एका यादीत 'खेडे' तर दुसरीत 'खेडा'. मग नावं जुळवणारी स्क्रिप्ट चालवायची आणि ९८ टक्के जुळली की टाळ्या. अरे भो, उरलेल्या दोन टक्क्यांत माणसं राहतात!

एक्सेलचे स्वतःचे प्रताप निराळेच. २०११ च्या जनगणनेत तालुक्याचा कोड पाच आकडी आहे आणि सुरुवात शून्याने. एक्सेल त्याला संख्या समजतं आणि शून्य गिळून टाकतं. युनिकोडमधली मराठी सीएसव्ही नुसती डबल क्लिक करून उघडली, तर कित्येकदा गावांच्या जागी अगम्य चिन्हं. हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या एक्सेल फाइलची ६५,५३६ ओळींची मर्यादा संपली आणि कोविडच्या १५,८४१ नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत होतं. आता बोला!

बरं, नुसतं नाव पुरतही नाही. 'जळगाव' म्हणजे आमचा जिल्हा की बुलढाण्यातलं जळगाव जामोद? १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळं झालं. २०२३ मध्ये शेजारच्या औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. जुन्या केसपेपरवर जुनंच नाव राहणार. तो रुग्ण काय दोन जिल्ह्यांत राहतो?

"एवढं काय त्यात, पत्ताच तर आहे!" असं म्हणणाऱ्यांनी जरा पुढचा विचार करावा. क्षयरोगाच्या एका बाईने औषध मध्येच सोडलं. सिस्टीमने यादी काढली, ती गेली भलत्याच पळासखेड्याच्या आशाताईंकडे. त्या दारोदार फिरल्या. या नावाचं इथे कोणी नाही. शेरा पडला: 'पत्ता सापडला नाही'. म्हणजे चूक आपल्या फाइलची आणि ठपका त्या बाईवर. किंवा असं बघा, एकाच गावातले तापाचे सहा रुग्ण दोन गावांत तीन-तीन विभागले गेले. साथ आली आहे हे आता कोणाला कळणार?

काही जण म्हणतील, मग एक्सेल बंदच करा. तेही नको. तालुक्याची दीडशेच्या आसपास गावं हाताने एकेक भरणं हा काही शहाणपणा नव्हे. एक्सेल वाहन म्हणून ठीक आहे, पण गाव कुठलं हे वाहनाने ठरवायचं नाही. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे. ओळख त्या कोडची, नाव फक्त वाचायला. कोडचा कॉलम आधी टेक्स्ट करा. प्रत्येक गावासोबत तालुका आणि जिल्हा लिहा. आधी टेस्ट सर्व्हरवर चढवून बघा. आणि एकदा चढलेलं गाव कधीही डिलीट करू नका. २००४ पासून चालू असलेल्या ओपनएमआरएसमध्ये जागेची नोंद न पुसता निवृत्त करायची सोय आहे, ती काही उगाच नाही. त्या नोंदीला कोणाचा तरी जुना केसपेपर जोडलेला असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. अपलोडचं बटण दाबण्याआधी ती यादी छापा आणि तालुक्याच्या गटप्रवर्तक ताईंच्या हातात द्या. चार-पाच पानं होतील. ज्या चुका आपल्या स्क्रिप्टला दिसल्या नाहीत, त्या त्यांना चहा संपायच्या आत दिसतील. "क्लायंटकडे वेळ नाही" हे कारण मला सांगू नका. वेळ असतो, विचारायला कमीपणा वाटतो. पुण्याच्या इंजिनियरने आशाताईंना विचारायचं म्हणजे काय!

तर विचारायचं. त्यांची सही झाल्याशिवाय गावांची यादी सिस्टीममध्ये चढता कामा नये. प्लॅनमध्ये ही ओळ टाका. मग बाकीचा अर्धा दिवस खुशाल त्या नव्या पोराला द्या.