धानाचा भाव ११ पट, धरणाचा खर्च ५० पट



साहेब लोकांत बसले की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. शेतकरी इन्कम टॅक्स भरत नाही, मग सरकारी खर्चाचा हिशेब त्याने कशाला मागायचा? आपल्यातलेही काही जण हे ऐकून गप्प बसतात. म्हणून आधी या प्रश्नाचे उत्तर देऊ आणि मग हिशेबाकडे वळू.

धानावर खोडकिडा आला, तुडतुडे आले की आपण कृषी केंद्रात धावतो. तिथे १,१८० रुपयांची बाटली घेतली तर त्यातले १८० रुपये जीएसटीचे. रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के कर आहे. खतावर ५ टक्के. आता नीट बघा. घाऊक व्यापाऱ्याने भरलेला कर दुकानदाराकडून वसूल होतो, दुकानदाराने भरलेला आपल्याकडून. प्रत्येकाला आधी भरलेल्या कराची वजावट मिळते. साखळीत शेवटी उभा असतो शेतकरी. त्याची नोंदणी नाही, त्याला वजावट नाही, आणि तो धान विकतो दुसऱ्याने ठरवलेल्या भावाने. त्याने तो कर कोणावर ढकलायचा? म्हणजे शेतकऱ्याला कर नाही असे म्हणणाऱ्यांच्या राज्यात कर मुकाट गिळणारा माणूस शेतकरीच आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. १२ जैविक कीटकनाशकांवरचाही ५ टक्के झाला. चांगले झाले, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण ट्रॅक्टर घेणारा गावात एखादा, बाटली घेणारा घरटी एक. एकरभर बांधी कसणाऱ्याच्या बाटलीवरचे १८ टक्के जागेवरच राहिले.

डिझेलचे तर आणखी गमतीचे. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात डिझेलवर लिटरमागे ४ रुपयांचा ‘कृषी पायाभूत सुविधा व विकास’ सेस लागला. पंपावरचा भाव त्या दिवशी वाढला नाही, कारण दुसऱ्या खिशातले उत्पादन शुल्क तेवढेच कमी केले होते. मग साधले काय? सेसच्या पैशात राज्यांना वाटा द्यावा लागत नाही, एवढेच. चिखलणीच्या ट्रॅक्टरमधून, बोडीवरच्या इंजिनातून पैसा काढायचा आणि त्याला नाव शेतीचे द्यायचे. आपले राज्यही मागे नाही. २०१५ साली दुष्काळाच्या नावाने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये चढवले. दुष्काळ हटला तरी त्याच्या नावाचा कर लगेच हटत नाही, हा आपला अनुभव.

आणि जो कर बिलात दिसतच नाही तो सगळ्यात जबर. सप्टेंबर २०२२ मध्ये बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवर २० टक्के शुल्क लावले. जुलै २०२३ मध्ये पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर सरळ बंदी, ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क. हे सगळे उठायला २०२४ चा सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला. दोन हंगाम भाव दाबून ठेवला तो शहरातला भात स्वस्त राहावा म्हणून. याला कर म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

तर कर आपण भरतो. आता तो जातो कुठे ते बघू. लांब जायला नको, पवनी तालुक्यात जाऊ.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ साली मंजुरी मिळाली तेव्हा खर्च धरला होता ३७२ कोटी. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींनी पायाभरणी केली. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. २०१६ च्या सुधारित मान्यतेत खर्चाचा आकडा झाला १८,४९४ कोटी. जवळजवळ ५० पट. त्यानंतरही तो थांबलेला नाही.

महागाई झाली, असे उत्तर मिळते. ठीक आहे, महागाईचेच माप लावू. १९८३-८४ मध्ये साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला १३२ रुपये होता. २०१६-१७ मध्ये १,४७०. म्हणजे ११ पट. महागाई धानाला ११ पट आणि सिमेंट-मातीला ५० पट, असा कोणता बाजार आहे? यात बुडालेल्या गावांच्या मोबदल्याचा, पुनर्वसनाचा पैसाही आहे हे आम्ही मान्य करतो. तो हक्काचा आहे, आणि तोही उशिरा, भांडून मिळवावा लागला. पण डाव्या कालव्याचे अस्तर निकृष्ट निघून पुन्हा करावे लागले, ते काय प्रकल्पग्रस्तांमुळे? लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गोसीखुर्दच्या कामांत गुन्हे नोंदवले, ते प्रकल्पग्रस्तांवर नव्हेत.

आराखड्यातले ओलिताचे क्षेत्र २,५०,८०० हेक्टर. सगळेच्या सगळे भिजले असे धरले तरी २०१६ च्या आकड्याने हेक्टरी ७ लाख ३७ हजार, एकरी ३ लाखांच्या घरात खर्च पडतो. त्यावर पिकवायचा धान. आम्ही शेतकीचे शिक्षण घेतले तेव्हा खर्च आणि उत्पन्नाचा मेळ घालायला शिकलो होतो. हा मेळ कुठल्याही पुस्तकात बसत नाही.

राज्यभराचे चित्र वेगळे नाही. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून १० वर्षांत ओलिताचे क्षेत्र ०.१ टक्का वाढल्याचे दिसले. गदारोळ झाला, तेव्हा नोव्हेंबर २०१२ च्या श्वेतपत्रिकेने ५.१७ टक्के वाढ सांगितली. एकाच सरकारचे दोन कागद! किती शिवार भिजले हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातात हजारो कोटी द्यायचे.

आणि हे त्या जिल्ह्यात, जिथे कोहळी समाजाच्या पूर्वजांनी सरकारी अभियंत्याशिवाय तलाव बांधले. पाळ, तुडुम, पाणी वाटायला गावाने नेमलेला पाणकर. गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे ही गावाची आणि मालगुजाराची जबाबदारी, पाणी गावाचा निस्तार हक्क. मालगुजार काही संत नव्हते, त्यांची वेठ आपल्या आज्यांनी सोसली आहे. पण १९५०-५१ च्या कायद्याने मालगुजारी गेली तेव्हा तलावही सरकारजमा झाले. हक्काच्या पाण्यावर पाणीपट्टी आली आणि गाळ काढायचे काम टेबलावरच्या फायलीत गेले. मामा तलावांत गाळ साचला, पोटात अतिक्रमणे झाली. लहान खर्चाचे काम कोणाला नको असते, कारण लहान खर्चात टक्केवारीही लहान.

इथे आपल्या लोकांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. कर कमी करा म्हणायचे आणि त्याच मोर्चात गावासाठी सभामंडप, स्वागत कमान मागायची, हे जमायचे नाही. कमानीचा पैसा त्याच बाटलीतून, त्याच डिझेलमधून येतो, आणि आमदाराचे नाव कोरून परत येतो. बोनसचेही तेच. भाव पाडायचा सरकारने, आणि निवडणूक जवळ आली की बोनस वाटून दाता व्हायचेही सरकारनेच. निर्यात मोकळी ठेवा, आम्हाला वाटपाच्या यादीत नाव नको, असे म्हणायची तयारी आहे का? आहे, असे आम्ही समजून चालतो.

मागण्या तीनच ठेवल्या आहेत. कीटकनाशकावरचा १८ टक्के कर खतासारखा ५ वर आणा. ज्याच्या नावाने सेस घेता, त्याच्यावर जिल्ह्यात किती खर्च केला ते दरवर्षी जाहीर करा, नाहीतर सेस बंद करा. आणि तलाव गावाला परत द्या, पाणीपट्टी गावाच्याच हाती राहू द्या.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन कागद आणावेत. एक, या हंगामात घेतलेल्या खता-औषधांची पक्की बिले. कच्च्या चिठ्ठीवर कर दिसत नाही, तेव्हा दुकानदाराकडून पक्के बिल मागून घ्या. दुसरा, आपल्या तलावावर गेल्या १० वर्षांत झालेल्या सरकारी खर्चाची माहिती. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपयांचा अर्ज लागतो. १०० हेक्टरपर्यंतचे ओलीत असलेल्या तलावांसाठी तो जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागात द्यायचा. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणून अर्ज रोवणीच्या आधीच टाका, रोवणीत कोणाला सवड नसते.