फक्त एकच ओळ?

"फक्त एकच ओळ बदललीये, सही कर." माणमधल्या आमच्या शेतीच्या वाटणीपत्राचा सुधारलेला मसुदा आला तेव्हा घरच्यांनी फोनवर हेच सांगितलं. मीही शहाणा! जुनी आणि नवी फाइल डिफला दिली, डिफचं उत्तर डिफस्टॅटला. काळ्या पडद्यावर निकाल आला: एक ओळ वाढली, एक गेली. म्हणजे खरंच एकच बदललेली. सही करणारच होतो... मग काय वाटलं कुणास ठाऊक, नुसता डिफ पाहिला. विहिरीतला आमचा 'निम्मा' हिस्सा 'चौथा' झाला होता!

लबाडी कुणाचीच नव्हती, टायपिंगची चूक. पण मंडळी, माणसारख्या दुष्काळी तालुक्यात पाणी गेल्यावर नुसतं रान घेऊन करायचं काय?

डिफस्टॅटशी माझं भांडण नाही. 1974 च्या युनिक्सपासून चालत आलेला डिफ बदललेली ओळ न ओळ दाखवतो. डिफस्टॅट त्या फक्त मोजतो. ढीगभर फायलींत आधी कुठली उघडायची, हे त्यावरून कळतं. पण मोजणं म्हणजे वाचणं नव्हे. ऱ्हस्व-दीर्घाची दुरुस्ती एक ओळ, आणि पाणी तोडणारीही एकच ओळ!

सातबारा बदलायचा तर आधी गाव नमुना 6 मध्ये फेरफार लिहावा लागतो: काय बदललं, कशामुळे. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते. 'एक ओळ बदलली' एवढ्यावर तिथे भागत नाही. मग घरात का भागावं?

तेव्हा नातेवाईकहो, यापुढे मला आकडा सांगू नका. ती ओळ वाचून दाखवा.